नगररचना आणि हवेचा हिशेब

सुरतेचे नाव मराठी घरांत इतिहासामुळे जितके परिचित आहे, तितकेच आज ते पोटापाण्यामुळेही आहे. तापीच्या काठाकाठाने खानदेशातून गेलेली हजारो कुटुंबे उधना-लिंबायत भागांत राहून यंत्रमागांवर राबतात. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि या शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. त्या पुराचा सारा दोष तापत्या हवामानावर ढकलणे योग्य होणार नाही. उकाई धरणातून पाणी केव्हा व किती सोडावे, हा प्रश्नही त्यात होता. परंतु हवा तापली की अतिवृष्टीचा संभव वाढतो, हे शास्त्र निःसंशय सांगते. म्हणून पुरापासून शहर कसे वाचवावे याबरोबरच, हवा तापविण्यात शहराचा स्वतःचा वाटा किती आणि नगररचनेने तो किती घटेल, हेही विचारले पाहिजे. 'किती' हा शब्द आला की मोजमाप आले.

काही मोजमापे सोपी असतात. सुरतेच्या अंजना येथील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात निघणाऱ्या वायूपासून २००३ साली वीज निर्माण होऊ लागली. ती किती झाली, हे मीटर सांगतो. रस्त्यावरचा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

२०१४ पासून सुरतेत स्वतंत्र मार्गिकांवरून जलद बसगाड्या धावू लागल्या आणि हे जाळे शंभर किलोमीटरांच्या पलीकडे गेले. परंतु मार्गाची लांबी म्हणजे बचत नव्हे. शाळेतल्या फळ्यावर मांडावे असे एक गणित पाहा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलोग्रॅम कर्बवायू निघतो. बस लिटरमागे ४ किलोमीटर जाते असे धरले, तर दर किलोमीटरला ६७५ ग्रॅम झाले. बसमध्ये ४० माणसे असतील तर माणशी १७ ग्रॅम. दहाच असतील तर ६७. लिटरमागे ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर एकट्या स्वारासाठी सुमारे ५१ ग्रॅम सोडते. म्हणजे रिकामी बस स्कूटरहूनही महाग पडते! विजेची बस घेतली, तरी वीज कोणत्या इंधनावर तयार झाली, हे पाहावेच लागते. शिवाय बसमधला प्रवासी पूर्वी पायी जात असेल, तर त्याच्यापुरती बचत शून्य. तेव्हा 'पूर्वी आपण कशाने जात होता?' हा प्रश्न विचारल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही.

याहून मोठी बचत कोणत्याच मीटरवर दिसत नाही. ती म्हणजे न करावा लागलेला प्रवास. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने जमिनी एकत्र करून, रस्ते व उद्याने यांसाठी भाग काढून, उरलेले भूखंड मालकांना परत देण्याची पद्धत घालून दिली. सुरतेची वाढ पुष्कळशी याच पद्धतीने झाली. अशा आराखड्यात घर, शाळा, बाजार आणि कारखाना जवळजवळ आले, तर वाहनाची गरजच कमी होते. उलट, नदीकाठच्या झोपडीतून कामगाराला दूरच्या पक्क्या घरात नेले, तर तो पुरापासून सुटतो. पण कालपर्यंत पायी कामावर जाणाऱ्या त्या माणसाला रोज भाडे मोजावे लागते आणि शहराचा धूरही वाढतो. म्हणून प्रत्येक योजनेपूर्वी व नंतर, घरापासून कामापर्यंतचे अंतर किती, हा आकडा नगरपालिकेच्या दप्तरी नोंदला गेला पाहिजे.

२०२१ साली केंद्र सरकारने हवामानविषयक कामगिरीवरून शहरांना तारे बहाल केले. सुरतेला चार मिळाले. अभिनंदनीय गोष्ट आहे. परंतु गुणपत्रिका आणि विद्या यांतील अंतर शिक्षकाला ठाऊक असते. हवा तापविण्यात ज्याचा वाटा सर्वांत अल्प, तो पायी चालणारा कामगार. शहराच्या हिशेबात त्याची पायपीट जमेस धरली जावी आणि सुधारणेचा खर्च त्याच्या माथी पडू नये, एवढी दक्षता नगररचनाकारांनी घेतली पाहिजे.