दगडापेक्षा वीट मऊ? : दोन्ही उमेदवार नकोसे असतात तेव्हा

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)



आजचा भाग एका ईमेलमुळे करतोय. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्या आहेत, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांनी लिहिलंय की, "नागरिकत्व घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर मतदानाचा. आणि आता दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक आली की पोटात गोळा येतो. हाही नको आणि तोही नको. घरात नवरा म्हणतो, दगडापेक्षा वीट मऊ, दे मत आणि मोकळी हो. पण वीट तरी का म्हणून उरावर घ्यायची? घरीच बसले तर काय बिघडतं?"

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. आणि 'लोकशाहीत मतदान हे पवित्र कर्तव्य' वगैरे सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. कोणाला मत द्या हेही सांगणार नाही. तो माझा अधिकारच नाही. पण हाच पेच दुसऱ्या देशांत लोकांनी कसा सोडवला आणि त्याचं पुढे काय झालं, हे मात्र सांगता येईल.

सुरुवात फ्रान्सपासून करू. साल २००२.

फ्रान्समध्ये अध्यक्ष थेट लोक निवडतात, आणि दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत सगळे उमेदवार. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी दुसरी फेरी. त्या वर्षी पहिल्या फेरीत किती उमेदवार होते? सोळा! पण सगळ्या देशाने गृहीत धरलं होतं की दुसऱ्या फेरीत जाणार दोनच: उजवीकडचे अध्यक्ष जाक शिराक आणि डावीकडचे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ. पाच वर्षं दोघांनी एकत्र कारभार केलेला, लोक दोघांनाही कंटाळलेले. 'दोघांत फरक काय?' हेच जिकडेतिकडे चाललेलं.

मग लोकांनी काय केलं? डाव्या विचारांच्या मतदारांनी म्हटलं, जोस्पँना दुसऱ्या फेरीत द्यायचंच आहे मत, आत्ता जरा मनासारखं देऊ. त्यांच्याच सरकारातले, मित्रपक्षांतले लोक वेगवेगळे उभे होते. हरित पक्षाचे, कम्युनिस्ट, त्यांचेच माजी गृहमंत्री शेव्हनमाँ, क्रिस्तियान तोबिरा. शिवाय तीन-तीन त्रोत्स्कीवादी उमेदवार. मतं वाटली गेली. आणि २८ टक्क्यांहून जास्त मतदार तर आलेच नाहीत. काही भागांत शाळांना सुट्ट्या होत्या, लोक फिरायला गेले होते.

२१ एप्रिलच्या रात्री आठ वाजता टीव्हीवर निकाल आला. शिराक पहिले, १९.९ टक्के. दुसरे जोस्पँ नाहीत. दुसरे जाँ-मारी ल पेन, १६.९ टक्के. जोस्पँ १६.२ टक्क्यांवर बाहेर! फरक दोन लाखांपेक्षाही कमी मतांचा. एकट्या तोबिरांना साडेसहा लाखांवर मतं होती, शेव्हनमाँना पंधरा लाख. जोस्पँनी त्याच रात्री राजकारणातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं.

ल पेन कोण, तर नाझींच्या गॅस चेंबर्सना दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातला एक 'तपशील' म्हणणारे, आणि त्याबद्दल कोर्टाने दोषी ठरवलेले गृहस्थ. आणि समोर शिराक. हे पॅरिसचे महापौर असतानाच्या काळातल्या गैरव्यवहारांची प्रकरणं त्यांच्यामागे लागलेली. पदावर असेपर्यंत खटला चालवता येत नाही, म्हणून जिंकणं त्यांना दुहेरी गरजेचं! टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या एका विनोदी कार्यक्रमात त्यांना 'महाखोटारडा' नावाचा सुपरहिरो करून टाकलं होतं.

आता विचार करा. तुम्ही आयुष्यभर डावीकडे मत दिलेलं आहे आणि तुमच्यापुढे हे दोघे. इकडे आड, तिकडे विहीर.

मोर्चांतल्या फलकांवर तेव्हा एक घोषणा दिसायची. तिचा मराठीत अर्थ साधारण असा, 'लबाडाला मत द्या, फॅसिस्टाला नको'. कोणी म्हणालं, नाकाला कपड्यांचा चिमटा लावून मत देऊ. कोणी म्हणालं, हातमोजे घालून देऊ. १ मे रोजी देशभर दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर उतरले. शिराकांनी ल पेनशी टीव्हीवर वाद घालायलाही नकार दिला. आणि ५ मे रोजी निकाल काय लागला? शिराक ८२ टक्के! पहिल्या फेरीत ५७ लाखांच्या आत मतं मिळवलेल्या माणसाला दुसऱ्या फेरीत अडीच कोटी. यातले बहुतेक लोक त्यांच्यावर प्रेम करणारे नव्हते, हे उघड आहे.

इथपर्यंतची गोष्ट 'विटेची' बाजू घेणारी आहे. धोका मोठा होता, लोकांनी ओळखला, नाक दाबलं आणि मत दिलं.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. शिराकांनी त्या ८२ टक्क्यांचं काय केलं? डाव्यांना सरकारात घेतलं? नाही. जूनमध्ये संसदेची निवडणूक झाली, त्यांच्या पक्षाला स्वच्छ बहुमत मिळालं आणि त्यांनी आपला उजवा कार्यक्रम राबवला. ज्यांनी चिमटा लावून मत दिलं, त्यांना वाटलं, आपण फक्त वापरले गेलो.

आणि हे वाटणं साचत जातं. २०१७ मध्ये ल पेनांची मुलगी मारीन ल पेन दुसऱ्या फेरीत आली, समोर मॅक्राँ. तेव्हा तिला ३४ टक्के. २०२२ मध्ये परत तेच दोघे, तिला ४१ टक्क्यांच्या वर. म्हणजे वडिलांचे १८ टक्के, मग ३४, मग ४१. २०१७ ला तर कोऱ्या आणि बाद मतपत्रिकाच चाळीस लाखांहून जास्त निघाल्या. याची कारणं अनेक आहेत. तिने पक्षाचा चेहरामोहरा बदलला, बेकारी, महागाई, सगळंच. पण एक कारण हेही आहे की, 'दर वेळी तुम्ही भीती दाखवता आणि आम्ही मत देतो' या व्यवहाराला लोक विटले. वीट मऊ खरी, पण रोज रोज विटेवर कोण झोपणार?

आता दुसरा देश, पेरू. तिथे मतदान सक्तीचं आहे, गेला नाहीत तर दंड. म्हणजे 'घरी बसू का' हा प्रश्नच नाही.

पेरूचे नोबेलविजेते लेखक मारिओ वार्गास योसा १९९० मध्ये स्वतः अध्यक्षपदाला उभे राहिले आणि आल्बेर्तो फुजिमोरींकडून हरले. त्याच फुजिमोरींनी पुढे १९९२ मध्ये संसदच बरखास्त केली. २०११ मध्ये त्यांची मुलगी केइको उभी राहिली, समोर माजी लष्करी अधिकारी ओयांता उमाला. योसा म्हणाले होते की, ही निवड म्हणजे एड्स की शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, यातली निवड आहे. मग त्यांनी पाठिंबा कोणाला दिला? उमालांना. आणि २०२१ मध्ये केइको परत उभ्या राहिल्या, समोर खेड्यातले शिक्षक पेद्रो कास्तियो, कडव्या मार्क्सवादी पक्षाचे उमेदवार. या वेळी योसा केइकोंच्या बाजूने! म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा दगड आता वीट झाला होता.

त्या निवडणुकीचे आकडे मला फार बोलके वाटतात. पहिल्या फेरीत अठरा उमेदवार. कास्तियो पहिले, वैध मतांपैकी १९ टक्के. केइको दुसऱ्या, साडेतेरा टक्के. दोघांची बेरीज केली तरी एक तृतीयांश. कोऱ्या आणि बाद मतपत्रिका ३३ लाखांच्या आसपास, आणि पहिल्या आलेल्या कास्तियोंना मतं २७ लाखांच्या आसपास. म्हणजे 'कोणीच नको' हा खरा विजेता होता. पण 'कोणीच नको' राजवाड्यात जाऊन बसत नाही. दुसऱ्या फेरीत कास्तियो जिंकले, फक्त ४४ हजार मतांनी. दीड वर्षात, ७ डिसेंबर २०२२ ला, त्यांनी संसद बरखास्त करायचा प्रयत्न केला, त्याच दिवशी संसदेने त्यांना हटवलं आणि त्यांना अटक झाली. नंतरच्या आंदोलनांत कित्येक जीव गेले.

यातून मला काय दिसतं? दोन नकोसे उमेदवार आपल्यासमोर शेवटच्या दिवशी येतात, पण ते तयार आधीच झालेले असतात. सोळा उमेदवारांत, अठरा उमेदवारांत मतं विखुरतात, लोक फिरायला जातात, आणि मग उरलेल्या दोघांकडे बघून आपण कपाळाला हात लावतो.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या विधानसभेचं मतदान सोमवारी आलं होतं. शनिवार, रविवार, सोमवार. आम्ही चार मित्र सहकुटुंब कोकणात गेलो. उमेदवार आवडत नाहीत म्हणून निषेध, असं मी गाडीत म्हणत होतो. परत आल्यावर वडिलांनी शाई बघायला बोट पुढे करायला सांगितलं. मी म्हटलं, "अण्णा, कोणीच लायक नव्हतं." ते एवढंच म्हणाले, "मग हे तू कोणाला सांगितलंस? समुद्राला?" मंडळी, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

कारण त्याच दिवशी लातूर ग्रामीण मतदारसंघात २७ हजारांहून जास्त लोकांनी रांगेत उभं राहून 'नोटा'चं बटण दाबलं आणि नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. निकाल बदलला नाही. आपल्याकडे विधानसभा-लोकसभेत नोटाने निकाल बदलत नाही. पण त्यांचं म्हणणं मोजलं गेलं, आज इतक्या वर्षांनंतरही कोणी तो आकडा सांगतं. माझी सहल कोणी मोजली नाही. आणि महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने तर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ठरवलं की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात.

एक. दोघेही वाईट आहेत हे मान्य, पण सारखेच वाईट आहेत का? १९६९ मध्ये फ्रान्सच्या कम्युनिस्टांनी 'दोघे एकाच माळेचे मणी' म्हणून दुसऱ्या फेरीवर बहिष्कार टाकायला सांगितलं. तेव्हा समोरचे दोघे खरोखरच फारसे वेगळे नव्हते. २००२ मध्ये तसं नव्हतं. चिडलेलो असताना आपल्याला सगळे सारखेच दिसतात, म्हणून हा प्रश्न शांतपणे विचारायचा.

दोन. कोणाची चूक पुढच्या निवडणुकीत दुरुस्त करता येईल? वाईट करधोरण बदलता येतं. पण जो माणूस कोर्ट, वृत्तपत्रं, निवडणूक यंत्रणा यांनाच हात घालेल, त्याची चूक दुरुस्त करायला साधनच उरत नाही. मला कोण आवडतो, यापेक्षा मला हा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो. शिराकांवर नंतर खटला चालला, २०११ मध्ये ते दोषीही ठरले. लबाड माणूस निवडून आला, पण कोर्ट शाबूत राहिलं.

तीन. तुमच्या मताचं वजन कुठे पडतं? अमेरिकेत अध्यक्ष राज्यवार ठरतो. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांपेक्षा कमी मतांनी निकाल फिरला. तुमच्या न्यू जर्सीत १९८८ नंतर रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही. म्हणजे नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या तुमच्या मैत्रिणीचा पेच आणि तुमचा पेच एकच नाही. तिथे तिसऱ्या उमेदवाराला दिलेलं मत महाग पडू शकतं, तुमच्याकडे ते नाराजीची नोंद म्हणून देता येईल. पण घरी बसू नका. त्याच मतपत्रिकेवर काँग्रेस आहे, काउंटी आहे, कित्येक ठिकाणी शाळेचं बोर्ड आहे. अध्यक्षपदाची जागा कोरी सोडून बाकीचं भरता येतं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मत दिल्यावर दुसऱ्या दिवशी काय करणार? मत म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही. नाक दाबून दिलं असेल, तर नंतर गप्प बसू नका. फ्रान्समधल्या लोकांनी १ मे ला जेवढा आवाज केला, तेवढा ६ मे नंतर केला असता, तर 'आम्ही वापरले गेलो' ही भावना कदाचित कमी साचली असती. आणि पुढच्या वेळी प्राथमिक फेरीला जा, जेव्हा रांगा लहान असतात आणि एकेका मताला किंमत असते.

तुमच्या यजमानांना सांगा, दगडापेक्षा वीट मऊ हे खरंय. फक्त 'मत दे आणि मोकळी हो' यातलं 'मोकळी हो' मला पटत नाही.

तुमचा अनुभव वेगळा असेल, कधी मत दिल्याचा किंवा न दिल्याचा पश्चात्ताप झाला असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोपर्यंत काळजी घ्या. आणि हो, सुट्टी जोडून आली तरी आधी बोटाला शाई, मग कोकण. नमस्कार!