‘स्कीम’ : एका शब्दाची हमाली



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे इंग्रजी आम्ही कामगार कायद्यांची पुस्तके आणि एक फाटका शब्दकोश घेऊन, एकेक शब्द उचलीत शिकलो. म्हणून आज एकाच शब्दाविषयी बोलावयाचे ठरविले आहे. तो शब्द ‘स्कीम’.

परभणीत हा शब्द कोणास ठाऊक नाही? दोन साबणांवर तिसरा फुकट, ही दुकानदाराची स्कीम. विहिरीची स्कीम, घरकुलाची स्कीम. आणि ‘त्याने काहीतरी स्कीम लावलेली दिसते’ असे कोणी म्हणाले, की कोणाचे तरी नुकसान होणार हे ऐकणाऱ्यास सांगावे लागत नाही.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकृती, घडण. इंग्रजीत एके काळी ग्रहांच्या स्थितीची आकृती, म्हणजे आपली कुंडली, हिलाही स्कीम म्हणत. त्यातून आराखडा आला, योजना आली, आणि कारस्थानही आले. अमेरिकेत आजही या शब्दाला लबाडीचा वास येतो. इंग्लंडात सरकारी योजनेला तो सहज लावतात. आम्हां परभणीकरांना दोन्ही अर्थ चालतात. अनुभवच तसा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही मोंढ्यात माथाडी मंडळाच्या नोंदणीचे अर्ज भरून घेत होतो. ‘काका, हमालांसाठी स्कीम आहे, अंगठा द्या,’ असे म्हणालो, आणि तेथेच चुकलो. साठीला टेकलेले ते काका पोत्यावरून उठलेच. ‘मागच्या स्कीममधी पोरीच्या लग्नाचे पैसे गेले, भाऊ. पाच वर्सांत दुप्पट म्हणले होते. आता अंगठा नाही.’

वास्तविक १९६९ च्या माथाडी कायद्यात हा शब्द मोठा भारदस्त आहे. हमालाचा मालक कोण, हाच मुळी प्रश्न. सकाळी एका आडतीवर, दुपारी दुसऱ्या; दिवाळीचा बोनस मागावा कोणाकडे? कायद्याने सरकारला त्या त्या धंद्यासाठी स्कीम करण्याचा अधिकार दिला. तिच्याखाली मंडळ, त्यावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळाने हमालाला मजुरी द्यावयाची, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. त्याआधी १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांसाठी हीच वाट पाडली होती. अशी स्कीम राजपत्रात छापली जाते. कोणा एजंटाच्या खिशात नसते.

घरचेच एक उदाहरण देतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने खडी फोडली. आम्ही तेव्हा झोळीत. त्या वेळी रोजगार हमी ही नुसती योजना होती. साहेबांनी काम काढले तर काम, नाही तर हात जोडून उभे राहावयाचे. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. नावात ‘योजना’ तशीच राहिली, परंतु कचेरीच्या दारात बायाबापड्यांचा आवाज बदलला. भत्ता प्रत्यक्ष हातात पडलेली माणसे आम्ही फार थोडी पाहिली, हेही येथे सांगितले पाहिजे.

काकांना हे आम्ही चहा पाजीत, तासभर सांगितले. मग त्यांनी विचारले, ‘पैसे नाही मिळाले, तर तुमचा हा स्कीमवाला गाठायचा कुठे?’ आम्ही मंडळाच्या कचेरीचा रस्ता सांगितला. वहीत नाव कोठे चढते आणि तक्रार कोणाकडे द्यावयाची तेही सांगितले.

‘म्हणजे ह्याला पत्ता हाये,’ ते म्हणाले, आणि अंगठा पुढे केला.

त्यांच्या टोळीतले दोघे मात्र तेव्हा तयार झाले नाहीत. एकाने पुढच्या हंगामात नाव घातले. दुसरा अजूनही आम्हांला मोंढ्याच्या फाटकात पाहिले की मोठ्याने ओरडतो, ‘आले, स्कीमवाले आले!’