घोड्याला लगाम बसवताना

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडं आणलं, सोबत तयार विलायती लगामही घेतला. पण तो मापाचा नसेल तर तोंड सोलवटतं, आणि आपण म्हणतो, घोडं अडेल आहे!

तोंडातली लोखंडी कडी पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर यावी. ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडल्या की उंची बरोबर समजा. कडी दोन्हीकडे ओठाबाहेर साधारण अर्धा सेंटिमीटर राहावी. नाकपट्टीखाली दोन बोटं आणि गळपट्टा व गाल यांच्यामध्ये चार बोटं जावीत. थंडीत कडी हातानं उबवूनच घाला; काम झाल्यावर धुऊन पुसा.

ओठ फाटला असेल तर बरा होईपर्यंत लगाम घालू नका. घोडं डोकं झटकत असेल तर मारू नका. पशुवैद्यकाकडून दाढा तपासून घ्या.