पाय मिळाला, पुढें काय?

कृत्रिम पायाची कल्पना आपणांस नवी नाहीं. ऋग्वेदांत विश्पलेची कथा आहे. लढाईंत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनीं तिला लोखंडाचा पाय बसवून दिला. कथा एवढ्यावरच थांबते. तो पाय पुढें तिला टोचत होता काय, बिघडला तर ती तो कोणाकडे नेणार होती, हें सूक्तकार सांगत नाहीं. देवांच्या हातचें काम म्हणून विचारण्याचें कारणहि नसेल. परंतु काम माणसांच्या हातचें असतें तेव्हां हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. आणि आज तो मी ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांकडे पाहून विचारणार आहें.

मुंबईकर ज्यांचें पाणी पितात ते तानसा व भातसा हे तलाव शहापूर तालुक्यांतच आहेत. शेजारच्या मुरबाडला एका अंगास नाणेघाट, तर दुसऱ्या अंगास सिद्धगड. या मुलखांत पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा चिखल. भाताची आवणी, म्हणजे लावणी, चिखलांत वांकून करावयाची. खाचराच्या अरुंद बांधावरून डोक्यावर भार घेऊन चालावयाचें. चुलीपुढें उकिडवें बसावयाचें. पंगतींत मांडी घालावयाची. घरांत व देवळांत अनवाणी शिरावयाचें. शहरवासीयाचा दिवस खुर्ची, जिना व फरशी यांवर निभावतो. येथील माणसाचें सारें आयुष्य जमिनीला लागून असतें. म्हणून रेल्वेच्या अपघातांत, मोटारीखालीं किंवा मधुमेहाच्या जखमेमुळें ज्याचा पाय कापावा लागला, त्याचें येथें केवळ चालणें जात नाहीं, जमिनीशीं असलेलें नातेंच तुटतें.

आपल्या देशांतील कारागिरांनीं ही अडचण ओळखली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुण्यास १९४४ सालीं जायबंदी सैनिकांसाठीं कृत्रिम अवयव केंद्र निघालें. मुंबईस हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ ची. पुढें पाश्चात्त्य धर्तीचा जो पाय सर्वत्र रूढ झाला, त्याच्या आंत लांकडाचा ताठ गाभा असे. तो बुटांत घालूनच वापरावयाचा; त्यावर उकिडवें बसणें अवघड; पाणी लागलें कीं तो खराब व्हावयाचा. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास रबराचा असा पाय घडविला, कीं जो अनवाणी वापरतां येतो, चिखलपाण्यांत चालतो आणि बसतांना वांकतो. डॉक्टर सेठी यांना १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं अपघातानंतर पाय गमावलेल्या मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांनीं १९८४ मध्यें असाच पाय लावून पुन्हां रंगमंचावर नृत्य केलें.

मग उणें कोठें राहिलें? उणें राहतें तें पावलांत नव्हे, खोबणींत. उरलेला पाय ज्यांत बसवावयाचा त्या खोबणीवर शरीराचा सारा भार येतो. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने उरलेल्या पायाची सूज उतरत असते व तो आकसत असतो. आज नेमकी बसलेली खोबण कांहीं महिन्यांनीं ढिली होते. मग ती घासते, पावसाळ्याच्या ओलीनें व घामानें कातडी सोलते, फोड येतो. मधुमेह असलेल्यास तो फोड जाणवतहि नाहीं, आणि तेथेंच नवें संकट सुरू होतें. गुडघ्याच्या वर कापलेल्या पायाचे हाल अधिक, कारण चालण्यास श्रम पुष्कळ पडतात. वाढत्या मुलाला तर खोबण वारंवार नवी लागते.

ही दुरुस्ती लहानशी असते. परंतु तिच्यासाठीं मुंबईच गांठावयाची झाली, तर शहापूरच्या आंतल्या पाड्यावरील मजुरानें आसनगांव स्टेशनपर्यंत यावयाचें, कसाऱ्याहून येणारी लोकल पकडावयाची, दादरला गाडी बदलावयाची. मुरबाडच्या माणसानें आधीं एस. टी. नें कल्याण गांठावयाचें. हें सारें दुखत्या पायावर! दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीहि बुडते. दोनदां असें झालें कीं पाय खुंटीला लागतो आणि कुबडी पुन्हां काखेंत येते. आपण मात्र पाय वाटल्याच्या दिवशींचें छायाचित्र पाहून समाधान मानतों.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमान मोजण्याच्या एका प्रश्नावलींत २६ प्रश्न आहेत. शरीर, मन, माणसांचे संबंध व भोंवतालची परिस्थिति अशीं तिचीं चार अंगें. चौकट चांगली आहे. परंतु येथें ती येथल्या भाषेंत भरली पाहिजे. ‘आपण समाधानी आहां काय?’ असें विचारलें तर ज्याला पाय फुकट मिळाला तो संकोचानें ‘होय’ म्हणेल. त्याऐवजीं विचारावें : यंदा आवणीला गेलांत काय? चुलीपुढें बसतां येतें काय? विहिरीवरून हंडा कोण आणतें? पौषांत म्हशाच्या जत्रेला गेलांत, कीं लोक पाहतील म्हणून घरींच राहिलांत? आणि शेवटचें, म्हणजे खरें तर पहिलें : पाय आज अंगावर आहे कीं खुंटीवर?

यावरून दात्यांनीं व कार्यकर्त्यांनीं घ्यावयाचा बोध साधा आहे. पाय देणें हें एका दिवसाचें काम नव्हे, तें वर्षानुवर्षांचें नातें आहे. शंभर नवे पाय देण्याइतकेंच पुण्य दिलेले शंभर पाय चालते ठेवण्यांत आहे. शहापूर व मुरबाड येथें ठरलेल्या वारीं एखादा जाणता कारागीर आपलीं हत्यारें घेऊन बसला, खोबण सैल झाली तर तेथल्या तेथें बसवून देऊं लागला, आणि पाय घेतलेल्या प्रत्येकाकडे पावसाळ्यापूर्वीं व नंतर कोणी चौकशीला गेलें, तर खुंटीवरचे पुष्कळ पाय पुन्हां बांधावर दिसूं लागतील.

विश्पलेला देव भेटले होते. आमच्या खेड्यांतील माणसाला देव नकोत. खोबण नीट करणारा एक माणूस हवा, आणि तो त्याच्या चालण्याच्या टप्प्यांत हवा.