‘निर्भय’ची कसोटी आणि आपली



१२ मार्च २०१३ रोजी ओडिशातील चांदीपूरच्या चाचणी केंद्रावरून ‘निर्भय’ हे क्षेपणास्त्र प्रथमच आकाशात झेपावले. ते सरळ वर उठले, आडवे झाले, बंगालच्या उपसागरावरून मार्गस्थही झाले. परंतु निम्म्या वाटेवर त्याने ठरलेला मार्ग सोडला. किनाऱ्यावरील वस्तीला धोका पोहोचू नये म्हणून त्याचे उड्डाण मध्येच संपवण्यात आले. बातमीचा मथळा करायला ‘अपयश’ हा एक शब्द पुरेसा होता. त्या शब्दाच्या पलीकडे काय घडत होते आणि राष्ट्र म्हणून त्यातून काय शिकायचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वेग कमी, पल्ला लांब

पृथ्वी आणि अग्नी ही आपल्या परिचयाची क्षेपणास्त्रे. ती गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी उंच जातात आणि लक्ष्यावर कोसळतात. ‘निर्भय’ची जात वेगळी. ते क्रूझ क्षेपणास्त्र आहे. म्हणजे वस्तुतः वैमानिकाविना उडणारे छोटे विमानच. लांबी सुमारे सहा मीटर, वजन सुमारे दीड हजार किलो, पल्ला सुमारे एक हजार किलोमीटर. घन इंधनाचे बूस्टर त्याला वर फेकते. ठरावीक उंचीवर ते बूस्टर गळून पडते, दुमडलेले पंख उघडतात, जेट इंजिन सुरू होते आणि पुढचा सारा प्रवास विमानासारखा होतो.

त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे सात दशांश, म्हणजे साधारण प्रवासी जेट विमानाइतका. ब्राह्मोस ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाने जाते. मग हे संथ क्षेपणास्त्र कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर इंधनात आहे. अतिवेगाची किंमत इंधनात मोजावी लागते. ब्राह्मोसचे वजन ‘निर्भय’च्या जवळजवळ दुप्पट, पण त्याचा मूळ पल्ला २९० किलोमीटरच होता. कमी वेगाचे इंजिन थोड्या इंधनात फार दूर नेते.

दुसरे कारण रडारचे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारला क्षितिजापलीकडचे दिसत नाही. दहा हजार मीटर उंचीवरचे विमान सपाट मुलखातील रडारला तत्त्वतः चारशे किलोमीटरवरून दिसू शकते; शंभर मीटर उंचीवरून येणारी वस्तू जमिनीलगतच्या रडारला जेमतेम चाळीस किलोमीटरवर आल्यावर दिसते. शिवाय हे क्षेपणास्त्र सरळ रेषेत जाण्यास बांधलेले नसते. वाटेवरचे ठरवलेले टप्पे घेत, वळणे घेत, आवश्यक तर घिरट्या घालत ते लक्ष्याकडे जाते. खिंडीखिंडींतून, शत्रूच्या नजरेआड सरकण्याची ही रीत महाराष्ट्राला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. गनिमी काव्याचे मर्म वेगापेक्षा वाटेच्या निवडीत असते.

अर्थात या अस्त्राला मर्यादाही आहेत. ते एकदा दिसले, तर लढाऊ विमान त्याला गाठू शकते. म्हणूनच अशी अस्त्रे संख्येने पुरेशी लागतात, लक्ष्याचे आणि भूभागाचे नकाशे अचूक लागतात. एखाददुसऱ्या अस्त्राने युद्ध जिंकता येत नाही.

सहा वर्षांत सहा चाचण्या

या क्षेत्रात जग थांबलेले नव्हते. अमेरिकेने १९९१ च्या आखाती युद्धात टॉमहॉक वापरले. पाकिस्तानने ऑगस्ट २००५ मध्ये ‘बाबर’ची चाचणी केली. चीनने २००९ च्या संचलनात आपले लांब पल्ल्याचे क्रूझ क्षेपणास्त्र जगाला दाखवले. या पार्श्वभूमीवर संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या बंगळुरू येथील वैमानिकी विकास आस्थापनेने ‘निर्भय’चे काम हाती घेतले. हैदराबादच्या प्रयोगशाळांनी बूस्टर आणि दिशादर्शन यंत्रणा दिली. वाहनावरून डागण्याच्या प्रक्षेपकाच्या कामात पुण्याजवळच्या दिघी येथील अभियांत्रिकी आस्थापनेचा वाटा होता.

पहिल्या अपयशानंतर १७ ऑक्टोबर २०१४ रोजी दुसरी चाचणी झाली. ‘निर्भय’ने एक तास दहा मिनिटांत हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापले. वायुदलाचे विमान पाठलाग करत त्याचे चित्रण करत होते. देशात आनंदीआनंद झाला. बरोबर एक वर्षाने, १६ ऑक्टोबर २०१५ रोजी, तिसऱ्या चाचणीत ते सुमारे १२८ किलोमीटर जाऊन कोसळले. २१ डिसेंबर २०१६ च्या चौथ्या चाचणीत त्याने उड्डाणानंतर थोड्याच वेळात सुरक्षित पट्टा सोडला आणि ते नष्ट करावे लागले.

चार चाचण्यांत तीन अपयशे. प्रकल्प गुंडाळावा, अशी चर्चा उघडपणे सुरू झाली. परंतु काम सुटले नाही. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी पाचव्या चाचणीत ‘निर्भय’ने पन्नास मिनिटांत ६४७ किलोमीटर अंतर कापले. १५ एप्रिल २०१९ च्या सहाव्या चाचणीने, अगदी कमी उंचीवरून सारे टप्पे अचूक गाठत, हे यश योगायोगाचे नव्हते हे दाखवून दिले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ते असे.

येथे एक कटू हिशेबही मांडला पाहिजे. सहा वर्षांत चाचण्या झाल्या अवघ्या सहा. दोन चाचण्यांमधले अंतर कधी अकरा महिने, तर कधी तब्बल एकोणीस महिने. जे यंत्र बिघडूनच आपले दोष सांगते, त्याला बिघडण्याची संधी वर्षातून एकदाच मिळाली, तर ते सुधारणार कधी? प्रत्येक चाचणी राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न झाली, की शास्त्रज्ञाचे मन कचरते आणि शासनही सावध होते. मग कमी उडवावे, म्हणजे कमी पडेल, असा विचार बळावतो. या संथपणाला केवळ प्रयोगशाळा जबाबदार नाहीत. यशाच्या दिवशी पेढे वाटणारा आणि अपयशाच्या दिवशी टिंगल करणारा समाजही त्याचा वाटेकरी आहे.

इंजिन कोणाचे?

‘निर्भय’च्या सुरुवातीच्या उड्डाणांत इंजिन रशियन होते. या एका वाक्यात स्वावलंबनाचा सारा प्रश्न सामावला आहे. सांगाडा आपला, संगणक आपला, मार्ग आपण आखलेला. पण ज्याच्या बळावर ते उडायचे, ते हृदय परक्याचे. परक्याने इंजिन दिले नाही, तर अस्त्र कोठारातच राहणार.

ही भीती काल्पनिक नाही. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याच्या करारातून रशियाने १९९३ मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली माघार घेतली. त्यानंतर आपले इंजिन घेऊन जीएसएलव्ही यशस्वीपणे उडाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी, तेही २०१० चे अपयश पचवून. इतिहासात मागे गेले, तर मराठ्यांनाही चांगल्या तोफांसाठी युरोपीय कोठीवाल्यांकडे वळावे लागे. तोफ विकणारा आपल्या सोयीने विकतो, हे सत्य तेव्हाही होते आणि आजही आहे.

छोटे जेट इंजिन करणे हे सोपे काम नव्हे. आकार लहान झाला, की पात्यांची अचूकता अधिक लागते आणि फिरण्याचा वेग वाढतो. वर्षानुवर्षे नळकांड्यात बंद राहिलेले ते इंजिन डागल्यानंतर काही क्षणांत, हवेत, पहिल्याच झटक्यात सुरू व्हावे लागते. तेथे दुसरी संधी नसते. बंगळुरूच्या वायू टर्बाइन संशोधन आस्थापनेने हे आव्हान स्वीकारले आणि ‘माणिक’ हे इंजिन घडवले. १८ एप्रिल २०२४ रोजी स्वदेशी इंजिनावरील क्रूझ क्षेपणास्त्राने चांदीपूरहून समुद्रसपाटीलगत उड्डाण केले आणि या इंजिनाची विश्वासार्हता सिद्ध झाली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी जमिनीवरील लक्ष्यांसाठीच्या लांब पल्ल्याच्या क्रूझ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी फिरत्या प्रक्षेपकावरून झाली. ते युद्धनौकांवरूनही डागता यावे, अशी त्याची रचना आहे. उत्पादनाची भागीदारी भारत डायनॅमिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपन्यांकडे आहे.

नागरिकांचे काम

पहिल्या उड्डाणापासून स्वदेशी इंजिनाच्या त्या यशापर्यंत अकरा वर्षे लागली. ती वाया गेली, असे म्हणता येणार नाही; ती आणखी कमी होऊ शकली असती, हेही नाकारता येणार नाही. पुढच्या प्रकल्पाला इतका काळ लागू नये, यासाठी सामान्य नागरिक काय करू शकतो? पुढच्या वेळी चाचणी फसल्याची बातमी येईल, तेव्हा त्याने दोनच प्रश्न विचारावेत : दोष सापडला काय, आणि पुढची चाचणी केव्हा? यशाची बातमी येईल, तेव्हा आनंद जरूर मानावा. पण त्याबरोबर हेही विचारावे, की यातले इंजिन कोणाचे आणि अशी किती अस्त्रे सैन्याच्या हाती पडली? घरातला मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीला जात असेल, तर भोजनाच्या वेळी परदेशातील पगाराबरोबर या प्रयोगशाळांचीही चर्चा व्हावी.

क्षेपणास्त्राला ‘निर्भय’ हे नाव देणे सोपे होते. तीन वेळा फसलेले काम चौथ्यांदा हाती घेणाऱ्यांनी ते नाव सार्थ केले. त्यांच्या पाठीशी तितक्याच निर्भयपणे उभे राहणे, हे आता समाजाचे काम आहे.