शासनाचा नियम आणि घराचा उंबरठा



२६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतर प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. पिशव्या मात्र बाजारात राहिल्याच. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी व्यापक केली. पहिल्या गुन्ह्यास ५ हजार, दुसऱ्यास १० हजार आणि तिसऱ्यास २५ हजार रुपये दंड व तीन महिने कारावास अशी शिक्षा ठरली. धाक होता तोवर कापडी पिशव्या बाहेर निघाल्या. धाक ओसरताच त्या पुन्हा खुंटीवर गेल्या.

त्याच अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी किमान ५० पैशांना परत घेण्याची तरतूद होती. परंतु ती दुकानात साठवायची कोठे, डेअरीपर्यंत न्यायची कोणी, ही साखळी उभी राहिली नाही. योजना कागदावर राहिली.

पनवेलला नगरपालिका लाभली ती १८५२ मध्ये. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या वसाहती आणि २९ गावे तिच्यात आली. वसाहतींचा कचरा वर्षानुवर्षे तळोज्याजवळील घोट-चाळ परिसरातील क्षेपणभूमीवर गेला. सदनिकेतून गेलेली पिशवी दृष्टीआड होते, पण तिची दुर्गंधी कोणा ग्रामस्थाच्या दाराशी पोहोचतेच. एकाच्या अंगणाची स्वच्छता दुसऱ्याच्या श्वासावर लादणे हा नागरिकधर्म नव्हे.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य नागरिकांवर सोपवले. त्यामागील कारण साधे आहे. भाजीच्या देठांत कालवलेला कागद रद्दीवालाही घेत नाही आणि काच मिसळलेल्या देठांचे खत होत नाही. वेंगुर्ले नगर परिषदेने वर्गीकरणाचा आग्रह धरला, तेव्हा जुन्या कचराभूमीच्या जागी उद्यान उभे राहिले. लहान गावाला जे साधले, ते पनवेलच्या एकेका सोसायटीला अशक्य नाही.

कालवलेला कचरा अखेर कोणाच्या तरी हातांनी वेगळा होतो. फुटलेली काच, वापरलेली सुई त्याच हातांना टोचते. समरसतेचा उच्चार करणाऱ्या घराने हा प्रश्न स्वतःस विचारावा. दुधाची पिशवी कोपरा न तोडता कापावी, धुऊन वाळवावी. काच जाड कागदात गुंडाळून द्यावी. वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल, तर त्याच सोसायटीने संघटितपणे प्रशासनास जाब विचारावा. कर्तव्य करणाऱ्यालाच तो अधिकार शोभतो.

गाडगेबाबांच्या नावाने महाराष्ट्रात ग्रामस्वच्छतेचे अभियान झाले. त्या महापुरुषाने कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहिली नव्हती. गावात शिरताच ते आधी झाडू हाती घेत, कीर्तन नंतर होई. शासनाने नियम करावेत, यंत्रणा उभारावी. त्याचा आरंभ मात्र प्रत्येक घराच्या उंबरठ्याच्या आतच व्हावयास हवा.