लाल दऱ्यांच्या प्रदेशात सावकाश
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्या मंडळात प्रवासावरची भाषणे पुष्कळ होतात. परंतु ती बहुतेक प्रवास करून आल्यावरची असतात. आज मी निघण्यापूर्वीच्या कामाविषयी, म्हणजे आखणीविषयी बोलणार आहे. प्रवास आहे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी दऱ्यांचा. मोटारीने, सावकाश, छायाचित्रे काढीत करावयाचा.

हा दूरदेशीचा विषय येथे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी कितीजणींची मुले-मुली तिकडे आहेत ते पाहा. आपण बाळंतपणासाठी जातो, नातवंडे सांभाळतो, आणि परतायच्या सुमारास "आईला जरा फिरवून आणू" असा बेत ठरतो. मुलांना रजा थोडी, हौस फार. मग सहा दिवसांत आठ ठिकाणे उरकली जातात. दिवस गाडीच्या काचेआड जातो. फोटो शेकडो निघतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत आपण पदर सावरीत उभ्या असतो. काढणारे दुसरेच असतात. इतका खर्च आणि इतका लांबचा पल्ला पुन्हा घडेलच असे आपल्या वयात कोणी सांगावे? म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आखणी आपण हाती घ्यावी, आणि तिचा आरंभ "काय पाहायचे" येथून न करता "काय सोडायचे" येथून करावा.

प्रथम प्रदेशाची थोडी ओळख. यूटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत मिळून कोलोरॅडो पठार पसरले आहे. त्याचा विस्तार सुमारे ३ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठाच. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा. तिकडचे खडक बहुतांशी वाळूचे, गाळाचे. झायनचे उंच कडे ज्या दगडाचे आहेत, तो दगड अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी वाळूच्या टेकड्यांच्या रूपात वाऱ्यावर सरकत होता. त्याचा लाल रंग लोहाचा. आपल्या कोकणातला जांभा लाल दिसतो तोही लोहामुळेच. पुढे पठार वर उचलले गेले आणि नद्यांनी ते कापून काढले. ग्रँड कॅन्यन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिच्या तळाशी असलेले खडक १७० कोटी वर्षांहून जुने आहेत.

या प्रदेशात नकाशावरचे अंतर फसवे असते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ आणि उत्तर काठ यांत सरळ रेषेने १६ किलोमीटरच अंतर आहे. परंतु मोटारीने एका काठावरून दुसऱ्यावर जायला सुमारे ३४५ किलोमीटरचा वळसा पडतो! तेव्हा "जवळच आहे, तेवढेही करून टाकू" हे वाक्य आखणीच्या वहीतून आधी खोडावे. २०२५ च्या जुलैमधील वणव्यात उत्तर काठावरचे जुने विश्रामगृहही जळून गेले. आपण दक्षिण काठ धरावा आणि उत्तर काठ निःशंकपणे सोडावा.

आता सावकाश का, ते सांगते. हे केवळ गुडघ्यांसाठी नाही. त्या खडकांचे खरे रूप सूर्योदयानंतरच्या तासाभरात आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात दिसते. तिरप्या उन्हात प्रत्येक कडा, प्रत्येक सुरकुती उठून येते. भर दुपारी तेच खडक सपाट, पांढुरके दिसतात. जो प्रवासी दुपारी बाराला येऊन दोनला निघतो, त्याने ते ठिकाण पाहिले असे म्हणवत नाही. एका गावी दोन रात्री राहिले तर दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी मिळतात. एक दिवस ढगांनी खाल्ला तरी दुसरा उरतो. दुपारी झोपावे, कपडे धुवावेत, पत्ते खेळावेत. सावकाशपणाचा अर्थ एवढाच.

म्हणून मी चौदा रात्रींची आखणी सुचवते. लास व्हेगासहून भाड्याची मोटार घ्यावी. तेथून झायन सुमारे २६० किलोमीटर. तेथे तीन रात्री. पुढे ब्राइस १४० किलोमीटर, तेथे दोन. मग बारा क्रमांकाच्या रम्य रस्त्याने टोरी हे गाव, सुमारे १९० किलोमीटर, तेथे दोन. टोरीहून मॉन्युमेंट व्हॅली हा मात्र लांबचा, जवळजवळ ४०० किलोमीटरचा टप्पा. तेथे दोन रात्री. नंतर पेज गाव २०० किलोमीटर, दोन रात्री. शेवटी ग्रँड कॅन्यन २२० किलोमीटर, तीन रात्री. तेथून लास व्हेगासला परत ४५० किलोमीटर. या फेरीत आर्चेसच्या सुप्रसिद्ध दगडी कमानी नाहीत. त्या मी मुद्दाम सोडल्या आहेत. त्या घेतल्या तर दुसऱ्या दोन ठिकाणांची एकेक रात्र जाते, आणि मग सर्वच ठिकाणे अर्धवट राहतात.

मुलांना नऊच रात्री मोकळ्या असतील तर? तर फेरी दाबून बसवू नये, कापावी. टोरी आणि मॉन्युमेंट व्हॅली गाळावी. झायन तीन, ब्राइस दोन, पेज दोन, ग्रँड कॅन्यन दोन. ब्राइसहून पेज तीन तासांच्या आत येते.

ऋतू सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा घ्यावा. उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी पारा चाळीस अंशांच्या वर जातो. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडेही वळवासारखा गडगडाटी पाऊस असतो. ऑक्टोबरात हवा सुखाची असते. मात्र ब्राइसचा काठ २४०० मीटरहून उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा साडेसातशे मीटरांनी अधिक. तेथे थोडे चालल्यावर दम लागतो आणि पहाटे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते. लोकरी टोपी, हातमोजे हवेतच.

आता कोठे काय टिपावे ते थोडक्यात. झायनमध्ये नदीकाठच्या सोप्या पायवाटेवरून संध्याकाळी वॉचमन हा सुळका तांबूस होताना दिसतो. मुख्य दरीत हंगामात खासगी मोटार नेऊ देत नाहीत, उद्यानाची बस आहे. ती आपल्या सोयीचीच. ब्राइसचे हजारो सुळके बर्फाच्या करामतीने झाले आहेत. भेगेत पाणी शिरते, रात्री गोठून फुगते आणि दगड फोडते. ते खोरे पूर्वेला उघडे असल्याने तेथे सूर्योदय चुकवू नये. टोरीजवळच्या कॅपिटॉल रीफ उद्यानात जुन्या मॉर्मन वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा अजून जपल्या आहेत. हंगामात बागेत बसून फळे फुकट खाता येतात, नेण्याचे मात्र पैसे पडतात. लाल कड्याखाली सफरचंदाची झाडे, असे चित्र दुसरीकडे मिळणार नाही. मॉन्युमेंट व्हॅलीत उलट करावे: सूर्यास्ताचे ऊन समोरच्या सुळक्यांवर पडते, तर पहाटे त्यांच्या काळ्या आकृती आकाशावर उमटतात.

उपकरणांचा बाऊ करू नये. चांगला मोबाईल पुरतो. कॅमेरा असल्यास हलकी तिपाई आणि एक जास्तीची बॅटरी घ्यावी, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. वारा असताना भिंग बदलू नये. बारीक वाळू आत गेली की निघत नाही. चित्रात कोठेतरी एखादे माणूस उभे करावे, नाहीतर कड्याची उंची समजत नाही. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवण्यास मनाई आहे. निघण्यापूर्वी महिनाभर रोज संध्याकाळी आपल्याच गच्चीवरून एकाच झाडाचे चित्र काढून पाहावे. उजेड म्हणजे काय, ते त्यातून जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

आता जिवाच्या गोष्टी. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत असावे. हँक्सव्हिल सोडल्यावर जवळजवळ १९० किलोमीटर भरवशाचा पेट्रोल पंप नाही, म्हणून तेथे टाकी भरून घ्यावी. तिन्हीसांजेला रस्त्यावर हरणे येतात. सूर्यास्त पाहून दोन तास अंधारात गाडी हाकावी लागेल असा मुक्काम ठरवू नये. मुक्काम दृश्याच्या जवळ घ्यावा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल.

पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही चिंचोळी घळ छायाचित्रांमुळे जगप्रसिद्ध झाली आहे. तेथे १२ ऑगस्ट १९९७ रोजी अचानक लोंढा येऊन ११ प्रवासी मृत्यू पावले. पाऊस घळीवर नव्हे, काही मैल दूर पडला होता. आपल्याकडे सांदण दरीत पावसाळ्यात उतरत नाहीत, ते याच कारणासाठी. आज तेथे नाव्हाहो वाटाड्यांबरोबरच जाता येते. त्यांनी "आज नाही" म्हटले, तर पैशांकडे पाहून हुज्जत घालू नये.

त्याच ठिकाणी घड्याळाचीही एक गंमत आहे. उन्हाळी वेळेसाठी यूटा राज्य घड्याळ एक तास पुढे करते, ॲरिझोना करीत नाही, पण ॲरिझोनातील नाव्हाहो प्रदेश करतो. त्यामुळे ऑक्टोबरात मॉन्युमेंट व्हॅलीहून पेजला पोचताच घड्याळ एक तास मागे जाते. तिकीट कोणत्या वेळेचे, हे आधी विचारून वहीत लिहावे. उद्यानांचे प्रवेशशुल्क आणि आरक्षणाचे नियमही दरसाल बदलतात, तेव्हा ते निघण्यापूर्वी ताजे पाहून घ्यावेत.

मॉन्युमेंट व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. ते १९५८ साली नाव्हाहो लोकांनी स्थापिलेले त्यांचे स्वतःचे उद्यान आहे. १८६४ साली अमेरिकन सैन्याने या लोकांना घरादारातून उठवून शेकडो किलोमीटर पायी चालवत नेले होते. १८६८ च्या तहाने ते आपल्या भूमीला परतले. त्यांच्यात कूळ आईकडून चालते, आणि मागावर विणलेली त्यांच्या बायकांची घोंगडी नावाजलेली आहेत. विणणारी बाई दिसली म्हणून लगेच कॅमेरा रोखू नये. आधी विचारावे, पैसे मागितले तर द्यावेत, नको म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे. शेजारच्या होपी लोकांच्या गावांत तर छायाचित्र काढूच देत नाहीत. आपल्या देवघरात परक्याने न विचारता शिरावे असे आपल्याला तरी चालेल का? तीच गोष्ट जमिनीची. तेथील वाळूवर सूक्ष्म जीवांची एक काळपट खपली असते, ती माती धरून ठेवते. सारवलेल्या ओल्या अंगणात पाय टाकू नये, तसा तिच्यावर टाकू नये. मोडलेली खपली भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

या प्रदेशाचे रूप जगापुढे आणण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. ग्रँड कॅन्यनच्या काठावर १९३२ साली झालेला दगडी मनोरा मेरी कोल्टर या वास्तुशिल्पकार बाईंचा. लॉरा गिल्पिन हिला १९०३ साली, बाराव्या वाढदिवसाला, एक साधा ब्राउनी कॅमेरा मिळाला. पुढे अनेक वर्षे ती मोटारीने नाव्हाहो मुलखात जात-येत राहिली, माणसांशी ओळखी केल्या, आणि तिचे नाव्हाहोंवरील मोठे पुस्तक १९६८ साली निघाले. तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती! घाई केली असती तर ते पुस्तक झाले नसते.

आणि चित्र काढून ठेवण्याचे मोल काय, तेही पेजला कळते. तेथील ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ साली बंद झाले आणि एक अवघी दरी हळूहळू पाण्याखाली गेली. एलियट पोर्टर या छायाचित्रकाराने ती बुडण्यापूर्वी हिंडून टिपली होती. त्याचे पुस्तक त्याच साली निघाले. २००० सालापासूनच्या अवर्षणात जलाशय उतरला आणि दरीचे काही भाग पुन्हा उघडे पडले. परंतु पहिले रूप पाहायचे तर ती चित्रेच पाहावी लागतात.

आता शेवटची सूचना, आणि ती घरातली आहे. सूर्योदयाला जिला जायचे आहे, तिच्याकडे त्या दिवशीचा चहा आणि न्याहारी नको. आखणी करतानाच सकाळची कामे वाटून द्यावीत: पाण्याच्या बाटल्या सुनेने किंवा मुलाने भराव्यात, न्याहारी जावयाने करावी, आदल्या रात्रीची भांडी नातवंडांनी विसळावीत. हे वहीत पहिल्या पानावर लिहावे. नाहीतर ब्राइसच्या काठावर ऊन चढेल आणि आपण खोलीत डबे भरीत राहू.

तेव्हा ज्यांना पुढल्या वर्षी जायचे आहे त्यांनी नकाशा, वही आणि पेन्सिल घेऊन बसावे. ठिकाणांची यादी करावी, आणि मग तिच्यातली निम्मी नावे आपल्या हातांनी खोडावीत. यादी लिहिण्यापेक्षा हे खोडणे अवघड आहे. पण आखणी म्हणतात ती हीच.